शांत पाण्याची शिल्लक

रसायनशास्त्राच्या परीक्षांत एक प्रश्न वर्षानुवर्षें विचारला जातो. पांच-सहा जोड्या द्यायच्या आणि "यांपैकीं बफर द्रावण कोणतें, तें ओळखा" असें म्हणून मोकळें व्हायचें. माझ्या अध्यापनाच्या काळांत हा प्रश्न मीं स्वतः कितीदां काढला असेल आणि त्याचीं उत्तरें किती तपासलीं असतील, याचा हिशेब आतां लागणार नाहीं. दोन गुणांचा प्रश्न. ज्याला त्यांतली युक्ति साधली तो अर्ध्या मिनिटांत सोडवतो. परंतु नोकरींतून मोकळा होऊन डोणगांवच्या घरीं येऊन राहिल्यापासून मला असें वाटूं लागलें आहे कीं, हा प्रश्न दिसतो त्याहून पुष्कळ खोल आहे, आणि परीक्षेंत त्याचा अर्धाच भाग विचारला जातो. उरलेला अर्धा भाग मला वर्गांत नव्हे, घरांत भेटला. तो वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु.

बफर हा शब्द आपल्याकडे आगगाडीबरोबर आला. डबा डब्याला भिडतांना बसणारा धक्का स्वतः सोसून आंतल्या उतारूंना तो लागूं न देणारें जें साधन, तें बफर. रसायनशास्त्रज्ञांनीं हीच कल्पना उचलली. १९०० सालीं फ्रान्समधील फेर्नबाख व ह्यूबेर यांनीं अशा द्रावणांना याच अर्थाचा फ्रेंच शब्द लावला, आणि १९०९ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंतील सोरेन्सन यांनीं ही कल्पना आपल्या संशोधनांत वापरून रूढ केली. आम्लता मोजण्याचें पीएच् हें मापही सोरेन्सन यांनीं त्याच वर्षीं दिलें. शुद्ध पाण्याचा पीएच् ७. त्याखालीं आम्लाचें राज्य, त्यावर अल्काचें. आणि या मापांतील एका आंकड्याचा फरक म्हणजे दसपटीचा फरक.

आतां एक लिटर शुद्ध पाणी घ्या आणि त्यांत हायड्रोक्लोरिक आम्लाचा केवळ एक सहस्रांश मोल घाला. पाण्याचा पीएच् ७ वरून एकदम ३ वर कोसळतो. म्हणजे आम्लता दहा हजार पटींनीं वाढते. पाण्याइतकें निरुपद्रवी दुसरें कांहीं नसेल, पण त्याला सोसण्याची शक्ति म्हणून नाहीं. उलट, एक लिटर पाण्यांत ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगारांतलें आम्ल, आणि त्याचाच सोडियम ॲसेटेट हा क्षार, असे दोन्ही एक दशांश मोल विरघळवून ठेवा. या द्रावणाचा पीएच् ४.७६ असतो. त्यांत तेवढेंच हायड्रोक्लोरिक आम्ल घातलें तर तो ४.७५ होतो. बस्स, इतकेंच. आलेल्या आम्लाला ॲसेटेटनें आपल्यांत सामावून घेतलें. आम्लाऐवजीं अल्क आलें असतें, तर ॲसेटिक आम्लानें तें जिरवलें असतें. दोन दिशांनीं येणाऱ्या दोन प्रकारच्या आघातांसाठीं एकाच घरांतलीं दोन माणसें दाराशीं उभीं आहेत, असा हा प्रकार.

यावरून ओळखण्याची पहिली कसोटी हातीं येते. जोडी एकाच कुळांतली हवी. दुर्बळ आम्ल आणि त्याचाच क्षार, किंवा दुर्बळ अल्क आणि त्याचाच क्षार. अमोनिया आणि नवसागर हें बफर होय. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मीठ यांचें कूळ एक आहे, पण तें आम्ल प्रबळ. त्यानें एकदां सोडून दिलेलें तें पुन्हां परत घेत नाहीं, म्हणून ती जोडी बाद. कॉस्टिक सोडा व मीठ यांची गत तीच. व्हिनेगार आणि मीठ एकत्र केलें तर लोणच्याला तें चालेल, पण बफर होणार नाहीं. कारण दोघांचें परस्परांशीं कांहीं नातें नाहीं. सर्वांत फसवी जोडी म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल एक भाग आणि सोडियम ॲसेटेट दोन भाग. वरवर पाहतां ही विजोड वाटते. पण भांड्यांत पडतांच अर्ध्या ॲसेटेटचें ॲसेटिक आम्ल होतें, अर्धें ॲसेटेट शिल्लक राहतें, आणि उत्तम बफर तयार होतें. तेंच दोन्ही समभाग घेतले तर सारें ॲसेटेट संपून जातें आणि बफर उरत नाहीं. हुशार विद्यार्थी येथें थांबून हिशेब करतो: आघात झाल्यावर शिल्लक काय राहिलें?

दुसरी कसोटी जागेची. प्रत्येक जोडीचें आपलें एक ठाणें असतें. त्या ठाण्यावर आम्ल व क्षार समसमान असतात. ॲसेटिकचें ठाणें ४.७६, अमोनियाचें ९.२५. अमेरिकेंतील हेंडरसन यांनीं १९०८ सालीं या नात्याचें समीकरण मांडलें आणि पुढें डेन्मार्कमधील हॅसलबाल्क यांनीं त्याला आज पाठ्यपुस्तकांत दिसतें तें लॉगरिथमचें रूप दिलें. त्यावरून असें निघतें कीं, ठाण्याच्या एक आंकडा वर व एक आंकडा खालीं, म्हणजे दोघांचें प्रमाण दहास एक होईपर्यंत, जोडी कामाची. त्यापलीकडे एका बाजूचा पहारा इतका पातळ होतो कीं, जोडी नांवाला उरते.

तिसरी कसोटी प्रमाणाची नव्हे, परिमाणाची. वर सांगितलेलें व्हिनेगारचें द्रावण शंभर पट पाणी घालून पातळ करा. समीकरणांत कांहींच बदलत नाहीं. दोघांचें प्रमाण तेंच, म्हणून पीएच्‌ही जवळजवळ तोच, ४.७६. दोन चंबू शेजारीं शेजारीं ठेवले तर मापक दोघांबद्दल एकच साक्ष देईल. पण पातळ द्रावणाच्या एका लिटरांत तो मघांचा सहस्रांश मोल आम्ल घाला, आणि पीएच् ३.७ च्या आसपास उतरलेला दिसेल. सगळें ॲसेटेट एका घांसांत संपलें. व्हॅन स्लाइक यांनीं १९२२ सालीं ही सोसण्याची शक्ति आंकड्यांत मोजण्याची रीति दिली, ती याच कारणासाठीं. कारण पीएच् सांगतो तें इतकेंच कीं, द्रावण या क्षणीं कोठें उभें आहे. तें आणखी किती सोसूं शकेल, हें त्याला माहीत नसतें. परीक्षेंतील प्रश्नांतून नेमका हाच भाग सुटतो.

आम्हां बुलढाणा जिल्ह्यांतील लोकांना याचें उदाहरण शोधायला प्रयोगशाळेंत जाण्याचें कारण नाहीं. आमचें डोणगांव मेहकर तालुक्यांत. मेहकरावरून दक्षिणेकडे वळलें कीं लोणार. विष्णूनें लवणासुराला मारलें तें हें ठिकाण, असें लोककथा सांगते, आणि दैत्यसूदनाचें देऊळ त्या कथेची आठवण देत गांवांत उभें आहे. शास्त्र सांगतें कीं, आकाशांतून आलेली एक प्रचंड उल्का आपल्या काळ्या दगडावर आदळली आणि सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचें विवर पडलें. तें केव्हां, याविषयीं मात्र निरनिराळ्या मापनांचे निष्कर्ष जुळत नाहींत. एक सुमारें ५२ हजार वर्षें म्हणतें, तर दुसरें सुमारें ५ लाख ७० हजार. या विवराच्या तळाशीं जें सरोवर आहे, त्याचें पाणी गोड्या झऱ्यांचें आणि पावसाचें. तरीही तें खारट आणि सोड्यासारखें बुळबुळीत. पाणी आंत येतें, पण बाहेर जायला त्याला वाट नाहीं. जातें तें वाफ होऊन, आणि वाफेबरोबर खार जात नाहीं. दगड झिजून पाण्यांत उतरलेल्या द्रव्यांपैकीं चुना तळाशीं बसतो, सोडियम पाण्यांत राहतो. हजारों उन्हाळ्यांनीं मिळून आटवलेला हा काढा आहे.

या पाण्यांत धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा, म्हणजे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट, हे दोघे सख्खे नातलग एकत्र नांदतात. या जोडीचें ठाणें शुद्ध पाण्यांत १०.३३, खारट व उबदार पाण्यांत तें थोडें खालीं सरकतें. आणि लोणारच्या पाण्याच्या ज्या मोजण्या झाल्या, त्यांत पीएच् दहाच्या आसपास सांपडत आला आहे. सरोवर आपल्या ठाण्यावर बसलें आहे! दिवसा उन्हांत सूक्ष्म शेवाळ कार्बन डायॉक्साइड ओढून घेतें, रात्रीं श्वासावाटे तो परत सोडतें. पावसाळ्यांत गोडें पाणी कोसळतें. पण पाण्याचा स्वभाव सहसा ढळत नाहीं. जुन्या काळीं उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे कांठावरचा खार गोळा करीत, आणि दल्ला, पापडी, भुस्की अशीं त्याच्या प्रतींचीं नांवें असत. आईन-इ-अकबरींतही लोणारचा उल्लेख कांच आणि साबण यांच्या सामग्रीसाठीं आला आहे. या खारांत ट्रोना नांवाचें एक खनिज असतें. त्याच्या स्फटिकांत कार्बोनेटचा एक आणि बायकार्बोनेटचा एक अशी अगदीं समसमान जोडी असते. आम्ही तराजूवर तोलून जें करतों, तें निसर्गानें स्फटिकांत बांधून ठेवलें आहे.

जून २०२० मध्यें या सरोवराचें पाणी गुलाबी झालें, तेव्हां देशभर चर्चा झाली. खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता, असें संशोधकांनीं सांगितलें. त्याच वर्षीं रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादींत लोणारचें नांव गेलें. रंग बदलला कीं डोळ्यांना कळतें, हें ठीकच आहे. परंतु गोड्या पाण्याची आवक वाढून सोडा पातळ होत गेला, किंवा सांडपाणी येऊन त्यांतील कुजणाऱ्या द्रव्यांच्या वायूनें कार्बोनेट हळूहळू खर्च होत गेलें, तर आरंभीं रंग बदलत नाहीं आणि पीएच्‌ही फारसा बदलत नाहीं. कमी होते ती शिल्लक. ती मोजायची तर पाण्याचा एक नमुना ब्युरेटखालीं ठेवून त्यांत थेंब थेंब आम्ल सोडावें लागतें. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग गेला कीं कार्बोनेट संपलें. मग मेथिल ऑरेंज पालटलें कीं बायकार्बोनेटही संपलें. दोन्ही मिळून किती आम्ल लागलें, ती सरोवराची पुंजी. पाण्याकडे नुसतें पाहून ती कळत नाहीं. तिच्यांतील थोडी खर्च करून पाहावी लागते.

हें सारें मला पुस्तकांतून ठाऊक होतें. त्याचा अर्थ कळला तो वडिलांच्या आजारपणांत.

वडिलांचें वय ८६. मूत्रपिंडांचा विकार जुना. डॉक्टर म्हणाले, बरा होणारा नव्हे, सांभाळण्याचा. एकदां त्यांना धाप लागूं लागली म्हणून रक्त तपासलें. कागद माझ्या हातीं आला तेव्हां जुन्या संवयीनें माझी नजर प्रथम पीएच्‌वर गेली. निरोगी माणसाचा ७.४ च्या आसपास असतो, वडिलांचा ७.३३. फारसा फरक नाहीं, असें मनांत येतें न येतें तोंच डॉक्टरांनीं त्याखालच्या ओळीवर बोट ठेवलें. लिटरमागें २४ मिलिमोल असावयाचें बायकार्बोनेट १७ वर आलें होतें. "आम्ही या आजारांत हा आंकडा पाहतों," ते म्हणाले. "पीएच् बिघडण्याची वाट पाहत नाहीं."

मानवी रक्ताचें हें बफर मीं वर्गांत अनेकदां शिकवलें आहे, आणि दर वेळीं एखादा विद्यार्थी शंका घेत असे. शंका रास्त होती. कार्बन डायॉक्साइड आणि बायकार्बोनेट या जोडीचें रक्तांतील ठाणें ६.१. रक्त उभें ७.४ वर. म्हणजे १.३ आंकड्यांचें अंतर, वीसास एक असें विषम प्रमाण. दुसऱ्या कसोटीप्रमाणें ही जोडी सरळ नापास! मग शरीरानें हिच्यावर भरंवसा कां ठेवावा? कारण ही जोडी बंद चंबूंतली नाहीं. आम्ल आलें कीं बायकार्बोनेट तें झेलतें, त्याचा कार्बन डायॉक्साइड होतो आणि फुफ्फुसें तो बाहेर टाकून देतात. खर्च झालेलें बायकार्बोनेट मूत्रपिंडें पुन्हां घडवितात. अन्नापासून रोज साठ-सत्तर मिलिमोल आम्ल शरीरांत उत्पन्न होतें. मूत्रपिंडांनीं हात आंखडला तर रक्त व भोंवतालच्या द्रवांतील सारें बायकार्बोनेट कांहीं दिवसांतच पुरें खर्च व्हावें. तेव्हां चौथी कसोटी ही कीं, खर्चलेलें भरून येतें कीं नाहीं? ठाण्यापासून दूर असलेली जोडीही, मागून पुरवठा होत असेल तर, जन्मभर टिकते. आणि अगदीं ठाण्यावर बसलेली जोडी, पुरवठा नसेल तर, एक दिवस संपते.

वडिलांची धाप ही त्या हिशेबांतलीच एक नोंद होती. बायकार्बोनेट घटलें म्हणून फुफ्फुसें अधिक खोल श्वास घेऊन कार्बन डायॉक्साइड घटवीत होतीं, आणि प्रमाण जमेल तेवढें सांभाळून पीएच् फार ढळूं देत नव्हतीं. तो जो आंकडा मला जवळजवळ ठीक वाटला, तो ठीक दिसावा म्हणून त्यांचें सारें शरीर रात्रंदिवस राबत होतें.

उपचार साधा निघाला: दिवसांतून तीन वेळां सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या. अंगावर सूज येते कीं काय तें पाहत, रक्त तपासत, डॉक्टर त्या कमीजास्त करतात; घरच्या डब्यांतला सोडा मनानें घेण्याचें हें काम नव्हे, हें सांगणें मी आपलें कर्तव्य समजतों. गोळी म्हणजे शेवटीं सोडाच, असें मीं वडिलांना समजावून सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "म्हणजे आपल्या लोणारचाच खार कीं रे! इतकीं वर्षें शेजारीं होता, आतां घरीं राहायला आला." तीन महिन्यांनीं तो आंकडा २१ झाला. धापही कमी झाली.

परंतु त्या कागदावरच्या दुसऱ्या ओळीनें मला आणखी एका बाजूला पाहायला लावलें. वडिलांचें सारें करणारी आमची आई ७९ वर्षांची आहे. त्यांचें बेतानें मीठ घातलेलें वेगळें जेवण, पाण्याचा मापून दिलेला पेला, रात्रीं दोन-तीनदां उठणें, त्यांची चिडचिड, भेटायला येणाऱ्यांचे सल्ले, हें सगळें तिच्यापाशीं येऊन थांबतें. तेथून पुढें कोणाला धक्का म्हणून लागत नाहीं. घर शांत असतें. आणि "आई, कशी आहेस?" असें कोणीं विचारलें तर उत्तर ठरलेलें: "मला काय झालंय? यांना बरं वाटलं म्हणजे झालं." मी तिच्याकडे पाहत होतों आणि माझ्या मनांत ते दोन चंबू उभे होते, एक घट्ट द्रावणाचा आणि एक शंभर पट पातळ केलेला, दोहोंवर मापक तोच आंकडा दाखवीत असलेला.

मीं प्रश्न बदलला. "आई, काल रात्रीं सलग किती वेळ झोप लागली?" या प्रश्नाला तिच्याजवळ तयार उत्तर नव्हतें. तिनें बोटांवर मोजलें. अकराला पाठ टेकली, साडेबाराला यांना पाणी दिलें, दोनला उशी सारखी केली, चारपासून डोळा नाहीं. "असेल दीड तास," ती म्हणाली, आणि तिलाच त्या आंकड्याचें नवल वाटलें.

आमच्या कुटुंबांतून अशीं माणसें घरोघर आहेत. पुष्कळदां ती आई असते, कधीं थोरली सून, कधीं बिनलग्नाचा काका, कधीं वयाआधींच शहाणी झालेली मुलगी. त्यांच्या सोशिकपणाचें आपण मनापासून कौतुक करतों, आणि कौतुक म्हणजेच मोबदला असें समजून स्वस्थ राहतों. सोशिकपणा हा गुण आहे, हें रसायनशास्त्रही मान्य करतें; मात्र तो किती आहे हें तें विचारतें, आणि कोठून भरून येतो हेंही विचारतें. बफरची एक गोष्ट भीतिदायक आहे. ती संपत येईपर्यंत ताण दिसत नाहीं. अगदीं अखेरीस मात्र दोन-चार थेंबांत सारें कोसळतें, आणि पाहणारा म्हणतो, एवढ्याशा थेंबानें असें कसें झालें!

अकोल्याच्या माझ्या बहिणीला मीं पत्र लिहिलें नाहीं. दूरध्वनि केला, आणि "आईची प्रकृति बरी आहे" असें न सांगता "आई रात्रीं सलग दीड तास झोपते" एवढेंच सांगितलें. आतां ती दर महिन्याला आठ दिवस येऊन राहते. ते आठ दिवस आई मेहकरला आपल्या भावाकडे जाते. पहिल्या खेपेस तिनें जातांना वडिलांच्या गोळ्यांच्या वेळा तीनदां बजावल्या, चौकांतून परत येऊन चौथ्यांदा बजावल्या. वडील म्हणाले, "जा तूं. सोडा द्यायला ही आहे." उरलेल्या बावीस रात्रींपैकीं एक आड एक रात्र माझी पत्नी व मी वांटून घेतों. आई त्याबद्दल अजून कुरकुर करते. तिचें काम आम्ही हिरावून घेतलें असें तिला वाटतें.

गेल्या आठवड्यांत मीं तिला पुन्हां विचारलें. तिनें बोटांवर मोजलें आणि म्हणाली, "चार तास. मधें एकदां जाग आली, पण ती कांहीं यांच्यासाठीं नाहीं, सवयीनं आली."